डोळे मिटलेला वॉरहॉल: हे चित्र तुम्ही कसं वाचता?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस एक चित्र डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा. ॲलिस नील या अमेरिकन चित्रकर्तीने १९७० साली अँडी वॉरहॉल या जगप्रसिद्ध अमेरिकन चित्रकाराचं काढलेलं पोर्ट्रेट. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमकडे आहे, साधारण पाच फूट उंच आणि सव्वातीन फूट रुंद. पाहिलं नसेल तर आधी शोधून नीट बघा आणि मग पुढे वाचा, नाहीतर तुम्ही ते माझ्याच डोळ्यांनी बघाल.

कंटाळा असेल त्यांच्यासाठी वर्णन. वॉरहॉल एका कोचावर बसलाय. अंगात शर्ट नाही. छाती-पोटावर ऑपरेशनचे लांब व्रण, पोटाला आजारी माणसाचा पट्टा. खाली तपकिरी पँट, तपकिरी बूट. हात मांडीवर एकमेकांत अडकवलेले, गुडघे जवळजवळ. डोळे मिटलेले. कोच म्हणजे नुसत्या रेघा, खोली वगैरे काही नाहीच, डोक्यामागे थोडा फिकट निळा रंग फासलाय आणि बाकी कॅनव्हास तसाच सोडून दिलाय.

मागची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. ३ जून १९६८ ला व्हॅलेरी सोलानास नावाच्या लेखिकेने वॉरहॉलला त्याच्याच स्टुडिओत गोळी घातली. डॉक्टरांनी जवळजवळ गेल्यातच जमा धरला होता, पण वाचला. हे चित्र त्यानंतर दोन वर्षांनी काढलेलं.

आता प्रश्न. मी आणि माझी मैत्रीण यावरून भांडलोय. ती म्हणते हे चित्र क्रूर आहे, एका प्रसिद्ध माणसाला उघडं बसवून त्याचं दुखणं चव्हाट्यावर मांडलंय. मला ते उलट वाटतं, म्हणजे इतकं हळुवार चित्र मी फार कमी पाहिलंय. पण का हळुवार, ते मला तिला सांगता येईना. मिटलेले डोळे, अर्धवट कोच, पट्टा, यांचा अर्थ तुम्ही काय लावता?

बोरू
जागा राखून ठेवतोय. चित्र बघून येतो.

तिरकस_रेघ
कोच अर्धवट कारण बाईंचा रंग संपला. पुढचा प्रश्न?

मधुमालती
तिरकस, तुम्ही गंमत केलीत, पण खरंच बरेच लोक हेच म्हणतात की चित्र अपुरं आहे. नीलची त्या काळातली बाकी चित्रं बघा, ती अशीच सोडायची. चेहरा आणि हातांवर जीव ओतायचा, खुर्चीची नुसती निळी बाह्यरेषा काढायची आणि थांबायचं. सगळं सारख्याच मेहनतीने रंगवलं तर नजर कुठे ठरायची हा प्रश्न येतो, ती तुम्हाला जिथे बघायचं तिथेच बघायला लावते.

पण या चित्रात मला त्याहून जास्त काहीतरी वाटतं. वॉरहॉल म्हणजे गर्दी. त्याचा स्टुडिओ म्हणजे कायम वीस-पंचवीस माणसं, कॅमेरे, टेप रेकॉर्डर, चंदेरी कागद लावलेल्या भिंती. ते सगळं इथे पुसून टाकलंय. एवढा प्रसिद्ध माणूस आणि त्याला टेकायला धड कोचसुद्धा नाही. तो जवळजवळ हवेत बसलाय.

निळी_शाई
हवेत बसलाय! हेच मला सांगता येत नव्हतं. धन्यवाद मधुमालती.

काटकोन
मला या प्रतीकं शोधण्याच्या उद्योगाचाच कंटाळा आहे. पट्टा म्हणजे पट्टा. माणसाचं पोट फाडून शिवलं होतं म्हणून त्याने पट्टा बांधला होता. चित्रकाराने दिसलं ते काढलं. उद्या बुटाच्या लेसचाही अर्थ काढाल. प्रसिद्धीचं ओझं, समाजाची बंधनं, असलं काहीतरी आता कोणीतरी लिहिणार बघा.

अनाहूत_पाहुणी
पट्टा म्हणजे प्रसिद्धीची बंधनं असं नाही का वाटत? बाहेरून आवळून धरलेला माणूस?

काटकोन
बघा. चार मिनिटं लागली.

तिरकस_रेघ
:हहगलो:

डॉ_उलटतपासणी
मी सर्जन आहे, चित्रकलेतलं शून्य कळतं, पण पट्ट्याबद्दल बोलू शकतो. गोळी एकच लागली होती पण तिने आत धुमाकूळ घातला होता. फुप्फुसं, अन्ननलिका, जठर, यकृत, प्लीहा. इतकं सगळं दुरुस्त करायचं म्हणजे छाती आणि पोट दोन्ही उघडावं लागतं, म्हणून ते व्रण असे एकमेकांना छेदत गेलेत. अशा ऑपरेशननंतर पोटाचे स्नायू नीट जुळून आले नाहीत तर मधे फट राहते आणि आतडी पुढे ढकलली जातात, हर्निया. तो पट्टा त्यासाठी. वॉरहॉलने तो उरलेलं आयुष्यभर वापरला. १९८७ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेला तेव्हा त्याच टेबलावर तो जुना हर्नियाही दुरुस्त केला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

त्यामुळे अनाहूत ताई, तो पट्टा त्याला आवळत नव्हता, त्याला एकत्र धरून ठेवत होता. तुमच्या अर्थाच्या बरोबर उलट.

दुसरं म्हणजे चित्रात पट्ट्याच्या वरचं आणि खालचं मांस कसं दिसतंय ते बघा. छाती सैल पडलेली, पोट पट्ट्याबाहेर थोडं फुगलेलं. वॉर्डात राउंडला हे रोज दिसतं पण कोणी असं चित्रात काढलेलं मी पाहिलं नव्हतं. बाईंची नजर जबरदस्त आहे. ओपीडीत बसवली असती.

काटकोन
डॉक, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. पट्टा म्हणजे पट्टा.

डॉ_उलटतपासणी
अर्धा तुमच्या बाजूने. कारण पेशंट पट्टा घालतो तो शर्टाच्या आत. कोणाला दिसू नये म्हणून. इथे शर्ट काढलाय.

मधुमालती
डॉक्टर, दंडवत. आणि एक भर घालते, वॉरहॉलचे हे पट्टे त्याची मैत्रीण ब्रिजिड बर्लिन वेगवेगळ्या रंगांत रंगवून द्यायची. म्हणजे आजारपणाचीही फॅशन. पण नीलने चित्रात तो रंगीत नाही दाखवला, कातडीच्या जवळचाच फिकट रंग आहे.

खडूस_आजोबा
पोरांनो, तुम्ही वॉरहॉलकडेच बघताय. नीलकडे बघा. १९०० सालचा जन्म. म्हणजे चित्र काढताना बाई सत्तरीच्या. चाळीस वर्षं माणसांची चित्रं काढत होत्या, ज्या काळात न्यूयॉर्कमध्ये माणूस काढणं म्हणजे मागासलेपणा समजला जायचा कारण सगळीकडे अमूर्त चित्रकलेचा बोलबाला. पहिली मुलगी डिप्थेरियाने गेली, दुसरी नवरा क्यूबाला घेऊन गेला, बाई कोलमडल्या, इस्पितळात राहिल्या. पुढे १९३४ मध्ये एका प्रियकराने रागाच्या भरात त्यांची शेकडो रेखाटनं आणि पन्नासेक चित्रं जाळली, कापली. व्हिटनीने मोठं प्रदर्शन भरवलं ते १९७४ ला, म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

आता समोर कोण बसलंय? प्रसिद्धीचा सम्राट. आणि काढतंय कोण? जिला प्रसिद्धीने आयुष्यभर दारात उभं केलं नाही अशी म्हातारी. चित्राचा अर्थ लावताना ही दुसरी खुर्ची विसरू नका, ती चित्रात दिसत नाही इतकंच.

बोरू
आलो चित्र बघून. आजोबा, तुम्ही म्हणता ते खरं, पण मग निळी_शाईच्या मैत्रिणीचा मुद्दा बळकट होतो ना? म्हणजे चाळीस वर्षं दुर्लक्षित राहिलेल्या बाईच्या हाती एक सुपरस्टार लागला आणि तिने त्याची सालं काढली. सूड म्हणत नाही मी, पण थोडीशी खुन्नस?

खडूस_आजोबा
खुन्नस असती तर बूट इतके नीट काढले नसते.

बोरू
बुटांचं काय?

ठिपका
बुटांवर मी लिहिणारच होते, आजोबांनी आधीच तोंड घातलं. :)

वॉरहॉलची सुरुवात बुटांपासून झाली. १९५० च्या दशकात तो न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी चित्रं काढायचा आणि आय. मिलर या बूट कंपनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींनी त्याचं नाव झालं. शाईची रेघ ओली असतानाच दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची, त्यामुळे ती तुटक, नाजूक उमटायची. ती त्याची खासियत. म्हणजे बूट हे त्याचं पहिलं भांडवल.

आता चित्र परत बघा. वरचा अर्धा माणूस उघडा, जखमी, म्हातारा वाटणारा, खरं तर तेव्हा तो जेमतेम चाळिशी ओलांडलेला. खालचा अर्धा पूर्ण कपड्यांत, ऑफिसला निघाल्यासारखा. आणि बूट अगदी व्यवस्थित, पॉलिश केल्यासारखे. नीलच्या मनात त्या जाहिराती होत्या असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की त्याची एकच जागा शाबूत राहिलीये आणि ती पायात आहे.

काटकोन
लेसचा अर्थ काढाल म्हणालो होतो. एक पायरीच चुकलो.

ठिपका
काटकोन, तुमच्यासारखा भविष्यवेत्ता धाग्यावर असणं हे आमचं भाग्य.

अवलिया_७
धागा उशिरा वाचला. मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट कोणीच लिहिली नाही. विग! वॉरहॉलला टक्कल होतं आणि तो वर्षानुवर्षं विग घालायचा हे जगजाहीर आहे. या चित्रात त्याने शर्ट काढला, चष्मा काढला, जखमा दाखवल्या, पट्टा दाखवला. विग मात्र डोक्यावर आहेच. म्हणजे पोटातली आतडी बाहेर येऊ नयेत म्हणून बांधलेला पट्टा चालेल पण टक्कल नाही!

या माणसाची झाकली मूठ नेमकी कुठे होती ते इथे कळतं. पुढे १९८५ मध्ये एका पुस्तकाच्या दुकानात तो सह्या देत असताना रांगेतल्या एका मुलीने त्याचा विग ओढून काढला आणि पळवला. त्याने कोटाची टोपी डोक्यावर ओढली आणि सह्या देत राहिला. पण ते त्याला आयुष्यातल्या फार वाईट प्रसंगांपैकी एक वाटलं होतं. गोळी खाल्लेला माणूस!

म्हणून मला हे चित्र संपूर्ण उघडेपणाचं वाटतच नाही. त्याने किती उघडं व्हायचं ते त्यानेच ठरवलंय.

निळी_शाई
अवलिया, हे वाचून मी परत जाऊन चित्र बघितलं. तीस वेळा बघूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. केस मला चित्रातला सगळ्यात साधा भाग वाटला होता.

अनाहूत_पाहुणी
मग तर हा सगळा देखावाच झाला की. ऑगस्ट १९६९ मध्ये रिचर्ड ॲव्हेडॉनने त्याचा फोटो काढलाय, काळं लेदर जॅकेट बाजूला करून पोटावरचे व्रण दाखवतोय. म्हणजे नीलकडे बसायच्या आधीच त्याने त्या जखमा कॅमेऱ्यासमोर आणल्या होत्या. दुखणं हाही एक ब्रँड. आजकाल लोक इस्पितळाच्या पलंगावरून सेल्फी टाकतात त्याचा हा आद्यपुरुष. आधी पट्ट्याबद्दल मी चुकले असेन पण या मुद्द्यावर हटणार नाही.

मधुमालती
अनाहूत, मुद्दा जोरदार आहे, पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. ॲव्हेडॉनच्या फोटोत चेहरा नाहीच, नुसतं धड आहे, काळा लेदर, पांढरं अंग, सुंदर उजेड, आणि ते व्रण त्या उजेडात जवळजवळ दागिन्यासारखे दिसतात. एखाद्या हुतात्म्याचं चित्र असावं तसा रुबाब. नीलच्या चित्रात तोच माणूस आहे पण रुबाब गायब. खांदे उतरलेले, छाती बायकांसारखी लोंबलेली, कातडीत हिरवट-पिवळसर छटा. व्रण तेच, पण फोटोत तो ते दाखवतोय आणि इथे ते त्याच्या अंगावर नुसते आहेत.

डॉ_उलटतपासणी
मधुमालती यांच्याशी सहमत. तपासायला आलेला पेशंट आणि दाखवायला आलेला पेशंट यात फरक असतो. पहिला छताकडे बघतो किंवा डोळे मिटतो. दुसरा तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतो.

बोरू
डॉक फॉर्मात.

रानपाखरू
मी नवीन सदस्य. घाबरत घाबरत लिहितेय. इथे कोणी सोलानासचं फारसं बोललं नाही. एका बाईने गोळी घातली आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्या बाईसमोर शर्ट काढून डोळे मिटून बसला. मला तरी ही गोष्ट फार मोठी वाटते. सोलानासचं नाटकाचं हस्तलिखित त्याच्याकडे होतं आणि ते हरवलं, तिला वाटायला लागलं की तो आपल्यावर ताबा ठेवतोय. तिने जे केलं त्याचं समर्थन नाहीच, ती आजारीही होती. पण ज्या माणसाकडे सगळे काही ना काही मागायला यायचे त्याच्याकडून इथे एक बाई फक्त त्याचा वेळ आणि त्याचं अंग मागतेय आणि तो ते देतोय. डोळे मिटून.

निळी_शाई
रानपाखरू, स्वागत आहे, घाबरू नका, इथले लोक फक्त काटकोनला चावतात. तुमचा मुद्दा माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा आहे.

खडूस_आजोबा
रानपाखरू, छान. यात आणखी एक जोड. नीलने साठीच्या दशकापासून गरोदर बायकांची नग्न चित्रं काढली, तो विषय तेव्हा कोणी हातात घेत नव्हतं. ताणलेलं पोट, सुजलेले पाय, अवघडलेली बसणी. वॉरहॉलचं धड तिने त्याच नजरेने बघितलंय. म्हणून छाती बायकांसारखी वाटते. तिला त्याची टिंगल करायची नव्हती. जे अंग काहीतरी भोगून आलंय ते कसं बसतं हे तिला पाठ होतं.

तिरकस_रेघ
अवांतर: गोळीबारानंतर दोनच दिवसांनी अमेरिकेचे मोठे नेते रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वॉरहॉलची बातमी मागे पडली. प्रसिद्धीच्या सम्राटाला मरता मरता पहिलं पानसुद्धा दोन दिवसच मिळालं.

अवलिया_७
तिरकस, हे विनोद म्हणून लिहिलंत पण फार भयंकर आहे. आणि ते प्रत्येकाला पंधरा मिनिटं प्रसिद्धी मिळेल हे प्रसिद्ध वाक्य त्याच वर्षी, १९६८ ला, स्टॉकहोमच्या त्याच्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये आलं. तेही मुळात त्याचंच का यावर अजून वाद आहेत.

तिरकस_रेघ
अजून एक अवांतर, मग थांबतो. १९६४ मध्ये त्याच्याच स्टुडिओत डोरोथी पॉडबर नावाची बाई आली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या मॅरिलिन मन्रोच्या चित्रांकडे बघून मी यांना शूट करू का विचारलं. वॉरहॉलला वाटलं फोटो काढायचाय. हो म्हणाला. तिने पर्समधून पिस्तूल काढलं आणि मॅरिलिनच्या कपाळाच्या दिशेने गोळी झाडली. म्हणजे आधी चित्राला गोळी आणि चार वर्षांनी चित्रकाराला.

बोरू
हे माहीत नव्हतं. कुठून कुठे चाललाय हा धागा. पॉपकॉर्न संपले.

ठिपका
अवांतर अजिबात नाही हे. उलट मॅरिलिन इथे यायलाच हवी होती. ऑगस्ट १९६२ मध्ये ती गेली आणि काही आठवड्यांत वॉरहॉलने तिची चित्रं सुरू केली. प्रसिद्धीसाठी काढलेला तिचा एक जुना फोटो घेतला आणि तोच पुन्हा पुन्हा छापला. चेहऱ्याचा मुखवटा केला. एका चित्रात तर मोठ्या सोनेरी कॅनव्हासच्या मधोमध तिचा इवलासा चेहरा. वॉरहॉल पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरेत वाढला होता, लहानपणी चर्चमध्ये सोनेरी पार्श्वभूमीवरचे संत बघत बसायचा, ते तिथून आलंय. पुढे सत्तरच्या दशकात श्रीमंत लोक त्याच्याकडून पोर्ट्रेट करून घ्यायचे तेव्हा तो आधी त्यांना पांढरा मेकअप थापायचा म्हणजे पोलरॉइडमध्ये सुरकुत्या उडून जातील. चाळीस इंची चौकोन, गुळगुळीत चेहरा, पुढचं गिऱ्हाईक.

आणि हाच माणूस स्वतःचं चित्र काढून घ्यायला कुठे जातो? जिच्याकडे एकही सुरकुती माफ होत नाही त्या बाईकडे. त्याला माहीत होतं ना ती काय करते. त्याच्या गोटातल्या जॅकी कर्टिस आणि रिटा रेडचंही तिने त्याच वर्षी चित्र काढलं. ती लोकांची सालं काढते हे माहीत असून गेला. बोरू, खुन्नस शोधायची असेल तर मला वाटतं ती त्याने स्वतःवरच काढलीये.

बोरू
ठिपका, मान्य. शस्त्र खाली. :)

काटकोन
मी अजून खाली ठेवलेलं नाही. पण एक कबूल करतो, मला यात सगळ्यात जास्त आवडलं ते डॉक्टरांचं एक वाक्य, पट्टा शर्टाच्या आत असतो. त्याला मी प्रतीक म्हणणार नाही. पण मी चित्र आता वेगळं बघतोय. मला चीड येते ती फुलपाखरू दिसलं की परिवर्तन, कवटी दिसली की मृत्यू, असं कोष्टक घेऊन फिरणाऱ्यांची.

अनाहूत_पाहुणी
फुलपाखरावरून आठवलं, २०२४ मध्ये राजे चार्ल्सचं ते लालभडक पोर्ट्रेट आलं होतं, जोनाथन येओने काढलेलं, खांद्यावर फुलपाखरू. तिथे तर चित्रकारानेच सांगून टाकलं होतं की राजपुत्राचा राजा झाला म्हणून फुलपाखरू. लोकांनी मात्र सोशल मीडियावर त्या लाल रंगात रक्त आणि नरकाच्या ज्वाळा बघितल्या.

काटकोन
तेच तर. चित्रकाराने ज्याला अर्थ चिकटवला ते फुलपाखरू कोणी लक्षात ठेवलं नाही आणि नुसता लाल रंग सगळ्यांच्या मानगुटीवर बसला.

मधुमालती
राजघराण्यावर आलोच आहोत तर लुसियन फ्रॉइडने काढलेली राणी एलिझाबेथ बघा, २००१ ची. जेमतेम वीतभर चित्र. चेहरा थकलेला, जाड थरांचा, इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी तोडून खाल्लं होतं त्याला. त्यात मुकुट नंतर घालायचं ठरलं आणि डोक्यावर जागाच नव्हती, मग कॅनव्हासला वरून साडेतीन सेंटिमीटरची पट्टी जोडली. मला ती जोडपट्टी फार आवडते. बाई आधी काढून झाली, राणीपद वरून जोडलं.

काटकोन
हे मात्र खास आहे. आणि खरं आहे म्हणून खास आहे, कोणी अर्थ काढायला म्हणून जोडलेली पट्टी नव्हे ती.

खडूस_आजोबा
चर्चिलचं विसरलात. १९५४ ला ऐंशीव्या वाढदिवसाला संसदेने ग्रॅहम सदरलंडकडून काढून घेतलेलं चित्र भेट दिलं. म्हाताऱ्याला स्वतःचं म्हातारपण बघवलं नाही. घरी नेलं ते परत कोणाला दिसलंच नाही, नष्ट करून टाकलं. वॉरहॉलने काही जाळलं नाही एवढं लक्षात घ्या.

रानपाखरू
आजोबा, आणि नीलने स्वतःला तरी कुठे सोडलं? ऐंशीव्या वर्षी स्वतःचं नग्न चित्र पूर्ण केलं तिने. खुर्चीत बसलीये, हातात ब्रश, दुसऱ्या हातात फडकं, पोट लोंबलेलं. आणि तिथे डोळे उघडे आहेत, चष्म्यातून सरळ आपल्याकडे बघतेय. निळी_शाई, तुमच्या मैत्रिणीला हे दाखवा. जी बाई स्वतःला असं बसवते तिला क्रूर म्हणणं जड जाईल.

निळी_शाई
रानपाखरू, दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: स्वतःवर क्रूर होण्याचा हक्क असतो, दुसऱ्यावर नसतो. आता बोला.

रानपाखरू
:( हरले.

अवलिया_७
मैत्रिणीला धाग्यावर आणा राव. ती काटकोनला पुरून उरेल.

डॉ_उलटतपासणी
मैत्रिणीचं वाक्य बरोबर आहे पण एक गोष्ट सुटतेय. संमती. तो बेशुद्ध नव्हता, झोपलेला नव्हता. डोळे मिटलेला माणूस झोपलेला असला तर मान कलते, हात सुटतात. इथे मान ताठ आहे आणि बोटं एकमेकांत घट्ट आहेत. तो जागा आहे आणि बसून राहायचं ठरवून बसलाय.

आणखी एक. या माणसाला इस्पितळांची कमालीची भीती होती. १९८७ ला शेवटचा भरती झाला तेव्हा बॉब रॉबर्ट असं खोटं नाव देऊन. इतका नावाजलेला माणूस, आणि अंगाला हात लागायची वेळ आली तेव्हा त्याला नाव नको होतं. चित्रात मला तेच दिसतं. डोळे मिटले की वॉरहॉल उरत नाही, एक पेशंट उरतो.

मधुमालती
डॉक्टर, बास. इथेच थांबायला हवं होतं खरं तर, पण मला डोळ्यांबद्दल एक उलट वाटतं ते लिहिते. वॉरहॉलचं सगळं आयुष्य बघण्यात गेलं. तासन् तास कॅमेरा एकाच चेहऱ्यावर रोखून ठेवणारा माणूस तो. लोकांना त्याच्या नजरेची भीती वाटायची कारण ती काहीच सांगायची नाही. त्याने इथे डोळे मिटले म्हणजे तो स्वतःला लपवतोय असं आपण धरून चाललोय. पण त्याने नीलवरची त्याची नजर काढून घेतली असं का नसेल? म्हणजे घे, तू बघ, मी तुझ्याकडे बघत नाही, तुला अवघडायला नको. एका बघणाऱ्याने दुसऱ्या बघणारीला दिलेली मोकळीक.

ठिपका
मधुमालती, हे वाचून अंगावर काटा आला खरंच.

काटकोन
मला नाही आला, पण वाक्य चांगलं आहे. ती मोकळीक होती हे कशावरून? कंटाळला असेल. चित्रकारासमोर दोन-तीन तास बसून बघा एकदा.

बोरू
काटकोनचं ऐकून मी काल रात्री प्रयोग केला. हसू नका. शर्ट काढून, गुडघे जुळवून, हात मांडीवर अडकवून, सोफ्याच्या कडेवर बसलो, पाठ न टेकवता, कारण चित्रात तो टेकलेला नाही. बायकोला सांगितलं माझं चित्र काढ, येईल तसं काढ, मी डोळे मिटतो.

पहिली गोष्ट कळली ती ही की पोट आत ओढावंसं वाटतं आणि ओढून धरता येत नाही. दुसरी ही की हात सुटे ठेवले तर ते आपोआप पोटावर जातात, म्हणून ते अडकवून ठेवावे लागतात. त्याचे हात तसे का आहेत ते मला बसल्यावर कळलं, वाचून कळलं नव्हतं. तिसरी गोष्ट म्हणजे डोळे मिटल्यावर लपल्यासारखं बिलकुल वाटत नाही. उलट समोरचा नेमका कुठे बघतोय ते अंगावर कळायला लागतं. आधी खांद्यावर, मग छातीवर, मग तो जुना अपेंडिक्सचा व्रण आहे तिथे.

दीड मिनिटात डोळे उघडले. बायको चित्र काढतच नव्हती, फोन बघत होती.

तिरकस_रेघ
म्हणजे अंगावर जे कळत होतं ते?

बोरू
त्यावर मी अजून विचार करतोय.

निळी_शाई
बोरू, मैत्रिणीला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. फोनवाल्या वाक्याला खूप हसली. मग म्हणाली ते चित्र परत लाव. आत्ता समोर लावलंय, ती हातांकडे बघतेय आणि बराच वेळ काही बोललेली नाही.